घडी सरळ असते

कॉलेजच्या वर्गात तिला सगळे ‘शंका’ म्हणायचे. खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. शिकवणाऱ्याने पुस्तक मिटून "चला, झालं" म्हणायचा अवकाश, की शेवटच्या बाकावरून हिचा हात वर. "सर, एक शंका आहे." मग सगळ्या वर्गाने कपाळावर हात मारायचा, कारण जेवणाची सुट्टी त्या एका शंकेत खलास व्हायची. शंका विचारल्याशिवाय हिच्या घशाखाली घास उतरत नसे, आणि हिच्यापायी इतरांचे डबे बंदच राहतात हे हिच्या गावीही नसे.

नाटक शिकवणाऱ्या सरांना मुलं ‘मुद्दे सर’ म्हणत. कुठलंही नाटक असो, राजाराण्यांचं असो नाहीतर भुताखेतांचं, सर त्याचे बरोबर तीन मुद्दे काढत, फळ्यावर लिहीत, खाली रेघ मारत आणि हात झटकून खडूची पूड उडवत. तीन मुद्दे पाठ केले की पास. यात काही वाईट होतं असं नाही. सर वक्तशीर होते, कुणावर ओरडत नसत आणि त्यांच्या विषयात सहसा कोणी नापास होत नसे. मुलं सरांवर खूश, सर मुलांवर खूश. शंका तेवढी मध्येच कडमडायची.

त्या वर्षी अभ्यासाला एक असंगत नाटक होतं. म्हणजे ज्यात काही घडत नाही, बोलण्याला शेंडाबुडखा नसतो आणि पडदा पडला तरी उठावं की बसून राहावं ते प्रेक्षकाला कळत नाही, तसलं. नाव ‘दोघी आणि चादर’. रंगमंचावर दोन बायका एका मोठ्या चादरीची घडी घालतात. एकमेकींशी बोलत नाहीत, जे काय बोलायचं ते चादरीशी. हवा कशी आहे, जिन्यात कोण खोकलं, गुडघा किती ठणकतोय. घडी पुरी झाली की त्यातली एक म्हणते, "वाकडी झाली," आणि चादर झटकून उलगडते. पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या पानावर हेच, मधल्या पानावर हेच, शेवटच्या पानावरही हेच.

शंकाने ते बसस्टॉपवर उभ्याउभ्या वाचायला घेतलं. आधी तिला इतकं हसू आलं की शेजारचे आजोबा जरा लांब सरकून उभे राहिले. मग ते हसू कुठे गेलं तिचं तिलाच कळलं नाही. बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. पुस्तक संपलं तेव्हा ती डोळे पुसत होती, आणि दोन बायांनी चादरीची घडी घातली यात रडण्यासारखं काय आहे, ते तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सरांना मात्र सांगता येत होतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एक, मानवी श्रमाची व्यर्थता. दोन, संवादाची अशक्यता. तीन, जगण्याची निरर्थकता. रेघ मारली. हात झटकले.

"सर, एक शंका आहे."

वर्गाने कपाळावर हात मारला.

"ती बाई ‘वाकडी झाली’ म्हणते ना, त्याच्या आधी कंसात लिहिलंय, घडी सरळ असते. दर वेळी लिहिलंय सर. एकदाही सोडलेलं नाही. मग ती खोटं का बोलते?"

सरांनी पुस्तक उघडून पाहिलं. कंस होता. पुढच्या पानावरही होता. त्यांनी पुस्तक मिटलं.

"कंसातलं नटांसाठी असतं," ते म्हणाले. "परीक्षेत येत नाही."

"पण सर, नटांना खरं सांगायचं आणि आपल्याला नाही, असं कसं?"

"ती खोटं बोलते, कारण तिथे खऱ्याखोट्याला अर्थच नाही. मुद्दा तिसरा." आणि घंटा झाली.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. शंकाने तर बसायलाच हवं होतं, कारण तिचं पाऊल आधीच घसरलेलं होतं. पहिल्या चाचणीत तिने असंच स्वतःचं डोकं चालवून लिहिलं होतं आणि सरांनी "विषयाला सोडून" असा लाल शेरा मारून तिला नापास केलं होतं. आता उरली होती तोंडी परीक्षा. वर्गासमोर उभं राहून नाटकाचा अर्थ सांगायचा. त्यातही नापास झाली तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर पुढे काय, ते काकांनी सगळ्यांच्या देखत जेवताना सांगून ठेवलं होतं. "वर्ष वाया गेलं की कॉलेज बंद. लाँड्रीत हात कमी पडतायत." काका घरातले कर्ते. ते कधी आवाज चढवून बोलत नसत, त्यामुळे त्यांचा शब्द कुणाला खाली पाडताही येत नसे.

लाँड्री म्हणजे घराच्याच मागची लांबलचक खोली. एका भिंतीला धुण्याची मोठी यंत्रं, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीची टेबलं, मध्ये वाफ. आसपासच्या लॉजमधल्या चादरी, अभ्रे, टॉवेल इथे धुवायला येत. काका गिऱ्हाइकं सांभाळत, बाबा गाडीवरून गठ्ठे पोचवत, आणि घड्या घालायचं काम आईचं आणि काकूचं. डबल बेडची चादर एकटीला आवरत नाही. समोर दुसरं माणूस लागतंच.

आणि या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या.

शंका लहान होती, शाळेत जात होती, तेव्हापासूनचा हा अबोला. एका लॉजचा मॅनेजर गठ्ठा परत घेऊन आला, घड्या वाकड्या आहेत म्हणून. तेव्हा काकू त्याच्यासमोर बोलून गेली, "धाकटीच्या हातच्या असतील." बस्स, एवढंच. आईने त्या वेळी ब्र काढला नाही, आणि नंतर काकूशी तर नाहीच नाही. काकू थोरली. तिने आपणहून माघार घ्यायची म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायचा. सगळी निरोपानिरोपी शंकाच्या तोंडून चाले. "तुझ्या काकूला सांग, निळीचं पाणी जास्त झालंय." "तुझ्या आईला सांग, मला डोळे आहेत." दोघी समोरासमोर उभ्या, आणि मध्ये ही बिनपगारी पोस्टमन.

रोज घड्या घालताना काकू मधूनच हवेकडे बघून म्हणायची, "वाकडी झाली," आणि झालेली घडी झटकून उलगडायची. आई ओठ घट्ट मिटून पुन्हा टोकं धरायची. आईला वाटे, जुनंच उकरून काढतेय, मला खिजवतेय. शंकालाही तसंच वाटत आलं होतं. घरातली रोजची गोष्ट डोळे उघडून बघतो कोण?

कंसाची शंका विचारून घरी आली त्या दिवशी मात्र ती लाँड्रीच्या दारातच थबकली. सॅक खांद्यावरच. आई आणि काकूची एक घडी पुरी होत होती, आणि शंकाने पहिल्यांदा दोघींच्या तोंडांकडे न बघता चादरीकडे बघितलं. काठाला काठ, टोकाला टोक. घडी सरळ होती.

"वाकडी झाली," काकू म्हणाली आणि तिने चादर उलगडली.

दोघी मागे मागे गेल्या. कापड ताणलं. मग एकमेकींच्या दिशेने चालत आल्या, बोटांना बोटं लागली आणि काकूने आईच्या हातातली टोकं आपल्या हातात घेतली. त्या वेळी दोघींची तोंडं इतकी जवळ होती की एकीने नुसतं पुटपुटलं असतं तरी दुसरीला ऐकू गेलं असतं. कुणी पुटपुटलं नाही. बसस्टॉपवर रडू का आलं होतं, ते शंकाला आत्ता कळलं.

तोंडी परीक्षेत तिने तेच सांगितलं. घरचं नाही, नाटकातलं.

"घडी संपली की त्या बाईला दुसरीसमोर उभं राहायला कारणच उरत नाही. म्हणून ती सरळ घडी मोडते. तिला बोलता येत नाहीये सर, तेवढं एक उलगडता येतंय. त्याला व्यर्थ कसं म्हणायचं? आणि संवाद अशक्य कसा? तोच तर अख्खं नाटकभर चाललाय!"

सरांनी चष्मा काढला. "हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"याच पुस्तकात सर. कंसात."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हे बघ. असंगत नाटकात अर्थ शोधायचा नसतो. तो नसतो, हेच त्याला सांगायचं असतं. मी नोकरीला लागलो तेव्हापासून हे नाटक शिकवतोय." मग ते म्हणाले, "खरं तर तोंडी परीक्षा पुन्हा घेत नाहीत. तुझ्यासाठी घेतो. सोमवारी ये. तीन मुद्दे, क्रमाने. तेवढं कर, मी तुला पास करतो."

आता काय बोलायचं! सर दुष्ट असते तर भांडणं सोपं गेलं असतं. इथे माणूस आपला नियम मोडून हात पुढे करत होता, आणि त्या हातात नेमके तेच तीन मुद्दे होते. तिला ते पाठही होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड म्हणून दाखवले असते. तिला राग येत होता तो याचाच. जिभेला ते सोपे जात होते.

रविवारी दुपारी काका गठ्ठ्यांना दोऱ्या बांधत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तीन वाक्यं बोलायला तुझ्या जिवावर का येतं?"

"ती खरी नाहीत काका."

"खरी नसू देत. पास व्हायचंय की नाही? नाहीतर परवापासून इस्त्रीला उभी राहा. माझं काही म्हणणं नाही." गठ्ठा खांद्यावर टाकून ते गाडीकडे गेले.

आईने चादरीची दोन टोकं धरली, समोरून काकूने दोन. "काका बरोबर बोलतायत," आई म्हणाली. "म्हणून टाक ना बये. परीक्षेतल्या खोट्याचं पाप लागत नाही."

"मला माहीत नसतं तर म्हटलं असतं गं. आता कळलंय, तर कसं म्हणू?"

काकूने नाक उडवलं. "तुझ्या आईला म्हणावं, आधी पोरीला विचार तरी, आहे काय एवढं त्या नाटकात."

शंका इस्त्रीच्या टेबलाला टेकली. हे बोललं तर या खोलीत एक तर मोठं भांडण पेटेल, नाहीतर आहे तोही निरोपांचा धागा तुटेल, हे तिला समजत होतं. पण उद्या सरांसमोर जे बोलायचं ते आज इथे बोलायची छाती नसेल, तर मग तिच्यात आणि त्या तीन मुद्द्यांत फरक काय? तिने सांगायला सुरुवात केली. दोन बायका. एक चादर. बोलायचं ते चादरीशी. घडी झाली की त्यातली एक म्हणते वाकडी झाली, आणि उलगडते.

आईचे हात थांबले. काकूचे थांबले नाहीत.

"सर म्हणतात, जगण्याला अर्थ नाही म्हणून ती असं करते. पण पुस्तकात दर वेळी लिहिलंय, घडी सरळ असते." शंका चादरीकडे बघूनच बोलत होती. "मला वाटतं, तिला दुसरीशी बोलायचं असतं. कधीचं बोलायचं असतं. पण ती थोरली आहे, तिला ते जमत नाही. घडी संपली की दुसरी निघून जाईल. म्हणून मोडते. दुसरीला वाटतं, ही मला खिजवतेय. आणि कंसात काय लिहिलंय ते तिला कोणी सांगतच नाही."

एक यंत्र घुं घुं करत थांबलं. आईने चालत येऊन आपली टोकं काकूच्या हातात दिली. काकूने मान वर न करता शेवटची घडी घातली, तळहाताने दाबली. काठाला काठ लागला होता. मग तिने ती चादर उचलली आणि सगळी झटकून उलगडली. या वेळी ती काहीच बोलली नाही.

आईने लोंबणारी टोकं धरली. तिने शंकाकडे पाहिलं नाही, कसला निरोप दिला नाही.

"ताई," ती म्हणाली, "वाकडी नव्हती ती."

"माहीत आहे मला," काकू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "ती पण नव्हती. त्या मॅनेजरने परत आणलेली."

मग दोघींनी घडी घातली आणि दुसरी चादर घेतली. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. चादरींचा ढीग केवढा होता! काकूने डोळे मात्र लॉजच्या अभ्र्याला पुसले आणि तो अभ्रा परत धुवायला टाकला. शंका निघाली तेव्हा तिने मागून हाक मारली. "पोरी, ही घेऊन जा उद्या. डबल बेडची आहे. तुझ्या सरांना कंस दिसत नाही ना, चादर तरी दिसेल. आणि नापास झालीस तर पुन्हा बस परीक्षेला. तुझ्या काकांचं आम्ही दोघी बघतो."

आम्ही दोघी! शंकाने जन्मात हे दोन शब्द या खोलीत ऐकले नव्हते.

सोमवारी ती वर्गासमोर उभी राहिली तेव्हा सर गुणांचा कागद पुढे घेऊन बसले होते. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"हं. तीन मुद्दे."

"येतात मला सर. पण सांगणार नाही."

सर पुढे झुकले. "नीट विचार कर. वर्ष जाईल."

"जाऊ दे सर. पुढच्या वर्षी पुन्हा येईन. तेव्हाही हेच सांगेन." तिचा आवाज खणखणीत होता. "नाटकात अर्थ नाही असं तुम्ही म्हणता, ते म्हणा. पण जे लिहिलंय ते नाही असं मी म्हणणार नाही."

सरांनी सुस्कारा टाकला आणि कागदावर आकडा लिहिला. पहिल्या बाकावरच्यांनी माना लांब करून पाहिला आणि मागे कुजबुज पोचवली. नापास. शंकालाही ते ऐकू आलं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने बाहीने पुसलं आणि सॅकमधून चादर काढली.

"निकाल तर लागला सर. आता माझं काही अडलेलं नाही. या चादरीचं टोक धरता का जरा? एकटीला आवरत नाही."

सर नाही म्हणणार, असंच सगळ्यांना वाटलं. ते उठले. कदाचित आत्ताच नापास केलेल्या मुलीला एवढ्याशा गोष्टीला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असेल. त्यांनी दोन टोकं धरली, तीही उलटीसुलटी. "अशी नाही सर, डाव्या हातात ते." दोघं मागे मागे गेले, सर फळ्यापर्यंत, ती दारापर्यंत. कापड ताणलं. मग चालत एकमेकांकडे आले. मधेच थांबून सर म्हणाले, "घरी मी एकटाच असतो. हनुवटीखाली धरून घालतो घडी. नीट कधी होतच नाही."

मुद्द्यांत न बसणारं सरांचं हे पहिलंच वाक्य वर्गाने ऐकलं.

शंकाने आपली टोकं त्यांच्या हातात दिली. शेवटची घडी सरांनी घातली, तळहाताने दाबली. काठाला काठ, टोकाला टोक. शेवटच्या बाकावरूनसुद्धा दिसत होतं. तिने चादर घ्यायला हात पुढे केला. सरांनी ती दिली नाही. ते चादरीकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी ती एका झटक्यात उलगडली.

"वाकडी झाली जरा," ते म्हणाले.

शंकाने टोकं उचलली आणि ती दारापर्यंत मागे गेली. समोर फळ्याशी सर आपली टोकं सारखी करत होते. त्यांचा चष्मा घसरला होता, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो त्यांना वर करता येत नव्हता.